तान्ह्या बाळाची सर्दी : औषध कमी, मोजणी अधिक

शेतीच्या मासिकांत तान्ह्या बाळाच्या सर्दीवर लेख कां, असा प्रश्न कोणा वाचकाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर असें कीं, शेतकऱ्याच्या घरीं पीक, जनावर व माणूस यांच्या सुखदुःखाचा हिशेब एकाच वहींत मांडला जातो. आणि घरांतलें चार-सहा महिन्यांचें मूल आजारी पडलें म्हणजे त्याला कोणाकडे न्यावें, केव्हां न्यावें, गाडी कोणी काढावी व पैसा कोठून आणावा, हें बहुधा घरचा कर्ता मनुष्यच ठरवितो. बाळाची शुश्रूषा आई व आजी करतात हें खरें. परंतु निर्णय ज्याच्या हातीं, त्यालाच दुखण्याची ओळख नसेल तर त्या दोघींची दक्षता वायां जाते. म्हणून हा पाठ कर्त्या वाचकांसाठीं आहे, व त्यांनीं तो घरांतील मंडळींस वाचून दाखवावा अशी विनंति आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या बारामती-इंदापूर भागांत, विशेषतः कळंब-वालचंदनगरच्या ऊसपट्ट्यांत, दिवाळी सरून गळिताचा हंगाम लागला कीं पहाटेचा गारठा, तोडलेल्या फडांत पेटविलेल्या पाचटाचा धूर आणि उसाच्या वाहनांनीं उडविलेली धूळ हीं तिन्ही एकाच वेळीं येतात. याच दिवसांत लेकरांचीं नाकें वाहूं लागतात, आणि औषधांच्या दुकानावर ‘बाळाला सर्दीचें कांहीं तरी द्या’ ही मागणी सुरू होते. या लेखाचें सांगणें थोडक्यांत असें : बाळाच्या साध्या सर्दीस औषधाची गरज नसते, गरज असते ती नाक मोकळें ठेवण्याची, दूध चालू ठेवण्याची, धूर टाळण्याची व श्वास मोजण्याची. साधी सर्दी बाळाचा जीव घेत नाहीं. जीव जातो तो नको त्या औषधानें, किंवा सर्दीच्या आड लपलेला न्यूमोनिया वेळेवर न ओळखल्यामुळें.

सर्दी म्हणजे काय

सर्दी हा गारव्याचा रोग नव्हे. ती विषाणूंमुळें होते, व एका माणसाच्या हातांतून, शिंकेंतून व खोकल्यांतून दुसऱ्यास लागते. थंडीच्या दिवसांत माणसें दारें लावून एकत्र निजतात, म्हणून त्या दिवसांत ती अधिक पसरते. निरोगी बाळासहि पहिल्या वर्षांत सहा ते आठ वेळां सर्दी होऊं शकते, आणि त्यांत अशक्तपणाचें कांहीं लक्षण नाहीं. नाक वाहणें आठ-दहा दिवस चालतें, खोकला मागें रेंगाळून दोन-तीन आठवड्यांपर्यंत राहतो. शेंबूड प्रथम पाण्यासारखा, नंतर दाट, पिवळट वा हिरवट होतो. हा रंग पाहून पुष्कळ लोक घाबरतात. परंतु रंग बदलणें हा सर्दीचा नेहमींचाच क्रम आहे, त्यावरून दुखणें वाढलें असें समजूं नये.

प्रतिजैविक औषधें, ज्यांना आपण ‘अँटिबायोटिक’ म्हणतों, तीं जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीं. उसावरील तांबेऱ्यावर कीटकनाशक फवारून जसा उपयोग नाहीं, तसाच साध्या सर्दीवर या औषधांचा उपयोग नाहीं. उलट बाळास हगवण लागते, व पुढें खरी गरज पडेल तेव्हां औषध लागूं पडत नाहीं.

बाळाची सर्दी मोठ्यांच्या सर्दीहून एका गोष्टींत भिन्न आहे. पहिल्या कांहीं महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेंच श्वास घेतें, आणि त्याचें नाक फार अरुंद असतें. नाक थोडें चोंदलें तरी त्याला ओढतांना दम लागतो, तें स्तन सोडून रडतें व रात्रीं झोपत नाहीं. नवजात बाळ दिवसांतून अनेकदां शिंकतें, नाकांत घुरघुर करतें. तें नाक साफ करण्याचें त्याचें साधन आहे. बाळ दूध नीट पीत असेल, झोपत असेल व वजन वाढत असेल, तर त्या घुरघुरीस उपचार करूं नये.

वावडें कीं धूर ?

अलीकडे ‘बाळाला ॲलर्जी आहे’ असें सर्रास म्हटलें जातें. ॲलर्जी म्हणजे शरीरास एखाद्या पदार्थाचें वावडें असणें. परागकणांच्या वावड्यानें नाक गळणें हा प्रकार बहुतकरून दोन-तीन वर्षांच्या पुढें दिसतो, कारण शरीराला त्या परागाची ओळख पटण्यास कांहीं हंगाम जावे लागतात. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नोंदलें गेलेलें गाजरगवत आज आपल्या बांधाबांधावर आहे. त्याच्या संसर्गानें शेतकऱ्यांच्या कातडीस खाज सुटते व कित्येकांस दमा जडतो. परंतु सहा महिन्यांच्या बाळाच्या वाहत्या नाकाचा दोष सहसा गाजरगवताचा नसतो.

मग लहान बाळाचें नाक वारंवार कां चोंदतें ? पहिलें कारण सर्दीच. दुसरें कारण धूर. चुलीचा, पाचटाचा, विडी-सिगारेटचा, डांसांच्या अगरबत्तीचा व ऊद-धुपाचा धूर बाळाच्या नाकाचें व श्वासनळ्यांचें अस्तर सुजवितो. हें वावडें नव्हे, ही सरळ इजा आहे. तिच्यावर ॲलर्जीचें औषध चालत नाहीं, धूर दूर करणें हाच उपाय. कोंबड्यांच्या खुराड्यांतील तुसाची धूळ, कडब्याची व भुसाऱ्याची धूळ, फवारणीच्या कपड्यांस लागलेलें औषध, यांचेंहि तसेंच. शेतांतून आल्यावर कपडे बदलून व हात-तोंड धुऊनच बाळास उचलून घ्यावें.

खरें वावडें बाळांत बहुधा कातडीवर वा पोटांत दिसतें : गालांवर व हातापायांच्या सांध्यांत खाजरे लाल चट्टे, अथवा नवा पदार्थ चाखवल्यावर थोड्याच वेळांत अंगावर गांधी, ओठ सुजणें, एकसारख्या ओकाऱ्या. अशा बाळास श्वासास त्रास होऊं लागला, तें निस्तेज झालें, तर तो प्राणसंकटाचा प्रसंग समजून तत्काळ दवाखाना गांठावा. वावडें आहे कीं नाहीं, हें घरीं ठरवून दुकानांतून औषध आणणें मात्र चुकीचें.

बाटलीचा धोका

सर्दीच्या बाटलींत बहुधा दोन-तीन औषधें एकत्र असतात. एक क्लोरफेनिरामिन, जें नाकाचें पाणी सुकवतें व गुंगी आणतें. दुसरें फेनिलेफ्रिन, जें रक्तवाहिन्या आवळतें. आणि पुष्कळदां पॅरासिटामॉल, जें ताप उतरवतें. लहान मुलांची सर्दी यांनीं लवकर बरी होते असा पुरावा नाहीं. गुंगी आल्यामुळें बाळ शांत निजतें, व घरच्यांस वाटतें गुण आला. वास्तविक त्या गुंगींत तें दूध कमी पितें, खोकून कफ काढीत नाहीं, व श्वासाचा वेगहि मंद होण्याची भीति असते. म्हणूनच क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊं नये व तशी सूचना वेष्टनावर छापावी, असें केंद्रीय औषध नियंत्रकांनीं डिसेंबर २०२३ मध्यें उत्पादकांस कळविलें.

पुढें काय झालें तें प्रत्येक घरानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत, आपल्या विदर्भास लागून असलेल्या मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत साध्या सर्दी-तापाच्या मुलांना ‘कोल्ड्रिफ’ नांवाचें पातळ औषध दिलें गेलें. थोड्या दिवसांत त्या मुलांची लघवी बंद झाली. मूत्रपिंडें निकामी झालेल्या कित्येक मुलांना नागपुरास आणण्यांत आलें. तरीहि वीसहून अधिक बालकें दगावलीं. हें औषध तमिळनाडूंतील कांचीपुरम जिल्ह्यांत तयार झालें होतें. तेथील औषध खात्यानें नमुना तपासला, तेव्हां त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष शेंकडा ४८.६ आढळलें, मान्य मर्यादा शेंकडा ०.१ आहे. हा कारखान्यांत वापरला जाणारा गोडसर द्रव आहे, व औषधाचा पाक करण्याच्या शुद्ध द्रवाच्या जागीं तो हलगर्जीनें किंवा लोभानें शिरतो.

हा प्रकार नवा नाहीं. १९३७ मध्यें अमेरिकेंत याच विषानें शंभराहून अधिक माणसें मेलीं. १९८६ मध्यें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत भेसळीच्या ग्लिसरीननें चौदा रुग्ण दगावले व न्यायमूर्ति लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२२ मध्यें आफ्रिकेंतील गांबिया देशांत साठांहून अधिक मुलांचे मृत्यु झाले, व त्यांचा संबंध भारतांतून गेलेल्या खोकल्याच्या औषधांशीं जोडला गेला. छिंदवाड्याच्या घटनेनंतर ३ ऑक्टोबर २०२५ रोजीं केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानें कळविलें कीं, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याचीं औषधें लिहून देऊं नयेत व विकूंहि नयेत, आणि पांच वर्षांखालील मुलांना तीं सर्वसाधारणपणें देण्याजोगीं नाहींत.

यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध सोपा आहे. बाटलींत विष आहे कीं नाहीं हें आपणांस घरीं ओळखतां येत नाहीं. परंतु जी बाटली शुद्ध असतांनाहि बाळास उपयोगी नाहीं, ती घरांत न आणणें हें आपल्या हातीं आहे. नको असलेली फवारणी टाळणारा शेतकरी पैसा व पीक दोन्ही वांचवितो. येथें तर जीव वांचावयाचा आहे. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली बाळास ‘थोडी’ देणें, शेजाऱ्याच्या मुलास गुण आला म्हणून तेंच आणणें, हीं दोन्ही कायमचीं सोडावींत. कोणतेंहि औषध दिल्यावर बाळाची लघवी कमी झाली किंवा ओकाऱ्या सुरू झाल्या, तर औषध थांबवून बाटलीसह ताबडतोब रुग्णालयांत जावें. बाटली टाकून देऊं नये.

घरगुती उपायांची छाननी

घरचें तें निरुपद्रवी, असा समज सर्वस्वीं खरा नाहीं. जुने उपाय एकेक करून पाहूं.

मध : एक वर्षाच्या आंतील बाळास मधाचें बोटहि चाटवूं नये. मधांत एका जिवाणूचीं बीजें असूं शकतात. मोठ्यांना तीं बाधत नाहींत, परंतु बाळाच्या आंतड्यांत तीं रुजून विष तयार करतात, त्यानें बाळ लुळें पडतें व श्वास बंद होण्याची पाळी येते. गुटी उगाळून मधांत देण्याची चाल म्हणून सोडावी. वर्षानंतर रात्रींच्या खोकल्यास अर्धा चमचा मध चालतो.

कापूर, निलगिरी व डबींतील मलम : कापूर थोडासा पोटांत गेला तरी बाळास झटके येतात. कापराची पुरचुंडी गळ्यांत बांधणें, कापूर घातलेलें तेल छातीस चोळणें, दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाशीं वा छातीवर मलम लावणें हें सर्व टाळावें. वास उग्र म्हणून नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें. प्रत्यक्षांत बाळाच्या श्वासनळ्यांत अधिक कफ सुटतो.

नाकांत व कानांत तेल : नाकांत सोडलेलें तेल श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतें व तेथें सूज आणतें. अंगास तेल लावून हलकी मालिश करण्यास हरकत नाहीं. नाक, कान व तोंड मात्र वगळावें.

धुरी, शेगडी व वाफारा : ओव्याची वा लसणीच्या सालींची धुरी म्हणजे आजारी नाकांत पुन्हां धूर. बंद खोलींत निखाऱ्यांची शेगडी ठेवल्यास वास नसलेला विषारी वायु सांचतो व सारें घर गुंगींत मरण्याचा धोका असतो. उकळत्या पाण्याच्या वाफाऱ्यानें मुलें भाजतात.

बिब्बा व डाग : बाळाचें पोट उडूं लागलें म्हणजे ‘डबा झाला’ म्हणून बिब्ब्याचा चटका वा तापल्या लोखंडाचा डाग देण्याची चाल कोठें कोठें आहे. पोट उडणें हें न्यूमोनियाचें लक्षण आहे. डाग दिल्यानें रोग जात नाहीं; वेळ मात्र जातो, व जखम चिघळते ती निराळीच.

सर्दींत काय करावें

पहिलें काम नाक मोकळें करण्याचें. औषधांच्या दुकानांत मिठाच्या पाण्याचे नाकांतले थेंब मिळतात. घेतांना घटकांत केवळ ‘सोडियम क्लोराइड’ आहे हें वाचून पाहावें. त्याच आकाराच्या व मिळत्याजुळत्या नांवाच्या बाटल्यांत ‘झायलोमेटाझोलिन’ किंवा ‘ऑक्सिमेटाझोलिन’ हीं औषधें असतात. त्यांनीं लहान बाळ अतिशय सुस्त होऊन त्याचा श्वास मंदावूं शकतो. दुकानदारानें ‘तेंच आहे’ म्हटलें तरी घटक वाचल्यावांचून बाटली घेऊं नये. थेंब न मिळाल्यास एक पेला, म्हणजे सुमारें २४० मिलिलिटर, पाणी चांगलें उकळून निववावें, त्यांत पाव चहाचा चमचा सपाट भरून मीठ विरघळवावें, व तें पाणी त्याच दिवशीं वापरून उरलेलें टाकावें.

बाळास उताणें ठेवून दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावें, आणि सैल झालेला शेंबूड स्वच्छ मऊ कापडाच्या वातीनें कडेकडेनें टिपावा. वात आंत खोल घालूं नये; तोंडानें ओढूं नये. दूध पाजण्याच्या पाव तास आधीं व निजविण्यापूर्वीं एवढें केलें म्हणजे बहुतेक बाळें नीट पितात.

दुसरें काम दुधाचें. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचें दूध. वरचें पाणीसुद्धां नको. दम लागत असल्यास थोडें थोडें व अधिक वेळां पाजावें. आईस सर्दी असली तरी पाजणें थांबवूं नये. तिनें हात धुऊन, नाकातोंडास पदर वा पट्टी बांधून पाजावें. तिच्या दुधांतून रोग जात नाहीं, उलट रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें जातात. सहा महिन्यांपुढील बाळास मऊ भात, वरण, पेज हें नेहमींचें अन्न व कोमट पाणी द्यावें.

तिसरें काम उबेचें. टोपडें, मोजे व अंगभर सुती कपडा, वर एक दुपटें, इतकें पुरे. जड गोधडींत बाळास गुरफटून तोंड झांकूं नये. बाळास पाठीवर निजवावें, डोक्याखालीं उशी नको.

तापाचें गणित

ताप हातानें न पाहतां काखेंत तापमापक लावून पाहावा. दोन महिन्यांखालील बाळास ताप आला, म्हणजे पारा १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक चढला, अथवा अंग असाधारण थंड पडलें, तर घरीं कोणतेंहि औषध न देतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. याहून मोठ्या बाळास ताप असून तें कासावीस असेल, तर एकटें पॅरासिटामॉल देतां येतें. परंतु मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते, व ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

याचें कारण आंकड्यांनीं पाहूं. सर्वसाधारण मात्रा दर किलो वजनास १५ मिलिग्रॅम. म्हणजे ६ किलोच्या बाळास एका वेळीं ९० मिलिग्रॅम. आतां हेंच औषध तीन निरनिराळ्या तीव्रतेंत विकलें जातें. थेंबांच्या बाटलींत दर मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम असतें, तेव्हां ०.९ मिलिलिटर पुरे. साध्या पातळ औषधांत ५ मिलिलिटरांत १२५ मिलिग्रॅम असतें, तेथें ३.६ मिलिलिटर लागतें. तीव्र प्रकारांत ५ मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम असतें, तेथें १.८ मिलिलिटर. कोणी ३.६ मिलिलिटर हा आंकडा ध्यानांत ठेवून थेंबांच्या बाटलींतून तेवढें दिलें, तर बाळाच्या पोटांत ३६० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध गेलें. पंधरा लिटरच्या पंपास चौपट तणनाशक घातल्यास पिकाचें काय होतें तें आपण जाणतोंच. येथें यकृताची नासाडी होते. म्हणून बाटलीवरील तीव्रता वाचावी, घरच्या चमच्यानें न देतां खुणांच्या पिचकारीनें मोजावें, दोन मात्रांत किमान सहा तास राखावेत व दिलेली वेळ लिहून ठेवावी. ॲस्पिरिन मुलांना कधींहि देऊं नये.

श्वासांची मोजणी

सर्दी व न्यूमोनिया यांतील भेद ओळखण्याचें साधन प्रत्येक घरांत आहे : सेकंदकांट्याचें घड्याळ व दोन डोळे. फुप्फुस सुजलें म्हणजे तें ताठ होतें, एका श्वासांत पुरेशी हवा घेववत नाहीं, म्हणून बाळ भराभर श्वास घेऊं लागतें. छातीस नळी लावण्याआधींच हा वेग रोग सांगतो.

याची परीक्षा आपल्याच महाराष्ट्रांत झाली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यांत ‘सर्च’ ही संस्था चालविली. तेथें त्यांनीं खेड्यांतील आरोग्यसेवक व दाया यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व ठरीव औषध देण्यास शिकविलें. ज्या दायांना आंकडे मोजतां येत नव्हते, त्यांच्यासाठीं एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळास मणी जोडले होते : दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी आला तर न्यूमोनिया समजावयाचा. या कामाचा अहवाल १९९० मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या गांवांत ही व्यवस्था होती, तेथें बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यु शेजारच्या तुलनेच्या गांवांपेक्षां निम्म्याहून कमी होते. निरक्षर दाईस जें साधलें, तें साक्षर शेतकऱ्यास अवघड नाहीं.

रीत अशी. बाळ शांत वा निजलेलें असावें. रडतांना, पितांना वा नाक चोंदलेलें असतांना मोजूं नये. अंगावरील कपडा वर करून पोटाकडे पाहावें; पोट एकदां वर आलें कीं एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजावें, कारण लहान बाळ कांहीं क्षण भराभर व कांहीं क्षण सावकाश श्वास घेतें. पंधरा सेकंद मोजून चौपट केल्यास हिशेब चुकतो. आंकडा अधिक आल्यास लगेच पुन्हां एकदां मोजावें.

दोन महिन्यांखालील बाळ : मिनिटास ६० वा अधिक श्वास म्हणजे धोका.
दोन महिने ते एक वर्ष : ५० वा अधिक.
एक ते पांच वर्षें : ४० वा अधिक.

सर्दी असेपर्यंत सकाळ-संध्याकाळ मोजून आंकडा वहींत लिहावा. दुधाचें माप रोज लिहिणाऱ्या घरास हें जड जाऊं नये.

केव्हां थांबूं नये

वरील मर्यादा ओलांडली, अथवा पुढीलपैकीं एकहि लक्षण दिसलें, तर सकाळ होण्याची वाट न पाहतां निघावें : श्वास घेतांना बरगड्यांखालीं खळगी पडणें, म्हणजेच पोट उडणें, कण्हणें किंवा श्वासाबरोबर शीळ अथवा घरघर ऐकूं येणें, ओठ वा जीभ निळसर होणें, दूध ओढतां न येणें, किंवा प्यालेलें सर्व ओकणें, हलवूनहि नीट जागें न होणें, झटके येणें, सहा-आठ तासांत लघवी न होणें, खोकल्याची उबळ येऊन बाळ निळें पडणें, जें डांग्या खोकल्याचें लक्षण असूं शकतें. दोन महिन्यांखालील बाळाविषयीं तर शंका येतांच निघावें.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रथम दाखवावें. बाळ अत्यवस्थ असल्यास १०८ क्रमांकास दूरध्वनि करून रुग्णवाहिका मागवावी. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, व तेथवर पोंचण्यास आपल्या भागांतून फार वेळ लागत नाहीं. वाटेंत बाळास आईच्या छातीशीं धरून ऊब द्यावी, तें पीत असेल तर पाजावें, व दिलेल्या औषधांच्या बाटल्या बरोबर घ्याव्यात. उसाचें बिल यावयाचें आहे, पाण्याची पाळी आहे, हीं कारणें येथें ऐकूं नयेत.

रोग येण्यापूर्वीं

प्रतिबंधाचे उपाय फुकट वा अल्प खर्चाचे आहेत. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांस मिळणारी पंचगुणी लस डांग्या खोकला व न्यूमोनियाचा एक प्रकार आवरते. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत असून ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वेळीं देतात. नवव्या महिन्यांत गोवर-रुबेलाची लस असते. गोवरानंतर न्यूमोनिया फार होतो, म्हणून तीहि चुकवूं नये. रुग्णालयांत जन्मलेल्या बाळाच्या घरीं आशाताईंनीं ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं यावें असा नियम आहे. त्या आल्या म्हणजे त्यांच्याकडून श्वास मोजण्याची रीत प्रत्यक्ष पाहून घ्यावी.

बाहेरून आलेल्यानें हात धुतल्याखेरीज बाळास घेऊं नये; सर्दी झालेल्यानें त्याचे मुके घेऊं नयेत. चूल बाळाच्या खोलीपासून दूर असावी, घरांत विडी ओढूं नये. पाचट जाळण्याऐवजीं सरींत कुजविल्यास जमिनीस सेंद्रिय खत मिळतें, ओल टिकते, आणि वाडी-वस्तीवरील लेकरांच्या छातीचें रक्षण होतें. हा लाभ आपण पाचटाच्या हिशेबांत आजवर धरीत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट. आपल्या फडाच्या कडेस कोप्या करून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतहि तान्हीं बाळें असतात. पहाटेच्या थंडींत, पाचटाच्या धुरांत तीं उसाच्या ओळींशेजारीं निजतात, व त्यांच्या लसींची नोंद दूर मूळ गांवीं राहिलेली असते. अशा कुटुंबांची वर्दी गांवच्या आशाताईंस देणें, लसीच्या दिवशीं त्या आईस दोन तासांची मोकळीक देणें, फड पेटविण्यापूर्वीं कोप्या दूर आहेत हें पाहणें, आणि रात्रीं बेरात्रीं निरोप आल्यास गाडी काढणें, हें जमीनधारकाच्या हातचें आहे. वरील तीन आंकडे, ६०, ५० व ४०, कागदावर ठळक लिहून घराच्या दाराशीं व मुकादमाच्या कोपींत लावावेत. गळीत संपेपर्यंत तरी ते तेथें असावेत.